अपघातजन्य पृष्ठाघात आणि नुकसानभरपाई : वैद्याच्या नोंदीचे महत्त्व



कटिशूल, पृष्ठशूल, गृध्रसी हे आपल्या सर्वांच्या चिकित्सालयात नित्य येणारे रुग्ण. यांतील बहुसंख्य रुग्णांची व्यथा आहार-विहार, वय व व्यवसाय यांतून हळूहळू निर्माण झालेली असते. परंतु यांतच एक गट असा असतो की ज्याची पाठ कालपर्यंत निरोगी होती आणि दुसऱ्या कोणाच्या तरी वाहनाने, दुसऱ्या कोणाच्या तरी निष्काळजीपणाने ती दुखावली गेली. हा रुग्ण प्रथम रुग्णालयात जातो. अस्थिभग्न असल्यास तेथे काही दिवस राहतो, घरी सोडला जातो, आणि मग महिनोन्महिने आपल्याकडे येत राहतो. रुग्णालयाचा कागद ज्या दिवशी संपतो, त्या दिवसापासून त्याच्या दुखण्याचा एकमेव लेखी साक्षीदार म्हणजे आपला केसपेपर होय.

या रुग्णाला कायद्याने नुकसानभरपाई मागण्याचा अधिकार आहे. तो अधिकार सिद्ध होणे वा न होणे हे पुष्कळ अंशी आपल्या नोंदीवर अवलंबून असते, ही गोष्ट आपल्या व्यवसायात अद्याप पुरेशी लक्षात घेतली जात नाही. रस्ता अपघातातील पृष्ठाघाताच्या संदर्भात वैद्य व औषधालय चालक यांनी काय जाणावे आणि काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दावा चालविणे हे वकिलाचे काम होय, आणि या लेखाने त्याचे स्थान घेतले जाणार नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १६६ अन्वये जखमी व्यक्ती मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात हा अर्ज करता येतो. कलम १६८ नुसार न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई ठरवावयाची असते. या कलमाच्या शब्दांत चिकित्सापद्धतींमध्ये कोणताही भेद केलेला नाही. आयुर्वेदीय उपचारांचा खर्च त्यामुळे आपोआप बाद होत नाही. तो सिद्ध मात्र करावा लागतो.

२०१९ च्या दुरुस्तीने झालेले आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेले काही बदल रुग्णास सांगण्याजोगे आहेत.

१) अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, अशी मुदत घातली गेली. या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि त्या वादावर विसंबून न राहता मुदतीतच अर्ज करणे रुग्णाच्या हिताचे आहे. ‘आधी बरे होऊ, मग पाहू’ हा विचार येथे घातक ठरतो.

२) कलम १६४ नुसार, चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. परंतु ही रक्कम कलम १४९ मधील पद्धतीने स्वीकारल्यास न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टात येतो. कायमचे वैकल्य येण्याची शक्यता असेल तर रुग्णाने वकिलाच्या सल्ल्यावाचून सही करू नये.

३) धडक देऊन वाहन पळून गेले असेल व त्याचा शोध लागला नसेल, तर कलम १६१ खालील योजनेतून गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळू शकतात.

येथे ‘गंभीर दुखापत’ या शब्दाचा दंडविधानातील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये अस्थिभग्न व संधिच्युती यांचा समावेश आहेच. शिवाय जी दुखापत रुग्णास पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदनेत ठेवते किंवा त्याचे नेहमीचे व्यवहार करण्यास असमर्थ करते, तिचाही समावेश आहे. जुन्या दंडसंहितेत हा काळ वीस दिवसांचा होता. क्ष-किरण चित्रात अस्थिभग्न न दिसलेल्या परंतु तीन आठवडे अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची दुखापत ‘साधी’ की ‘गंभीर’, याचे उत्तर त्या तीन आठवड्यांतील नोंदीच देऊ शकतात.

आगंतु की निज? वादाचा केंद्रबिंदू

हात वा पाय मोडला तर तो अपघाताने मोडला याविषयी सहसा वाद होत नाही. पाठीचे तसे नाही. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या एमआरआयमध्ये मणक्यांची झीज, गादीचा फुगवटा असे काही ना काही आढळतेच. अनेकदा ज्यांना कधीही कंबरदुखी झाली नाही अशांच्याही. विमा कंपनीचे वकील स्वाभाविकपणे तोच अहवाल पुढे करतात आणि म्हणतात की ही झीज जुनी आहे, अपघाताशी तिचा संबंध नाही. पृष्ठाघाताचे दावे प्रामुख्याने या एका प्रश्नावर अडतात.

हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवीन नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात आगंतु व निज यांचा भेद सांगताना क्रमाला महत्त्व दिले आहे. आगंतु व्याधीत व्यथा प्रथम उत्पन्न होते व दोषवैषम्य मागाहून येते. निज व्याधीत दोषवैषम्य आधी व व्यथा नंतर. म्हणजे निदान काळाच्या क्रमावर आधारलेले आहे. न्यायाधिकरणालाही नेमका हाच क्रम जाणून घ्यावयाचा असतो. अपघातापूर्वी रुग्ण काय करू शकत होता, अपघातानंतर व्यथा केव्हा व कोठे सुरू झाली, आणि ती अखंड राहिली काय? हा क्रम ज्या केसपेपरवर तारीखवार उमटलेला असतो, त्यापुढे ‘जुनी झीज’ हा आक्षेप बराच दुबळा होतो.

रुग्णास पूर्वी थोडीफार कंबरदुखी होती असे आढळले तर ते लपवू नये. आधीच दुर्बल असलेल्या शरीरावर आघात झाला म्हणून आघात करणाऱ्याची जबाबदारी नाहीशी होत नाही, हे नुकसानभरपाईच्या कायद्यातील जुने तत्त्व आहे. ‘वर्षातून एक-दोन वेळा कंबर दुखत असे, काम कधी थांबले नाही, अपघातानंतर पोते उचलणे पूर्ण बंद’ ही नोंद ‘पूर्वी काही त्रास नव्हता’ या खोट्या नोंदीपेक्षा कितीतरी बळकट असते, कारण ती उलटतपासणीत टिकते.

पहिल्या दिवसाची नोंद

माझ्या पाहण्यातील एक प्रकरण येथे उद्धृत करणे उपयुक्त ठरेल. सायकलवरून दूध घालणाऱ्या एका गृहस्थांना टेम्पोची धडक बसून कमरेचा पहिला मणका दबला. रुग्णालयातून सुटल्यावर त्यांनी अकरा महिने एका वैद्यांकडे निष्ठेने उपचार घेतले व त्यांना उतारही पडला. दाव्यात ते केसपेपर दाखल झाले तेव्हा चौदा भेटींपैकी तेरा भेटींपुढे केवळ ‘क. शू. – पूर्ववत् चिकित्सा’ एवढेच लिहिलेले होते. अपघाताचा उल्लेख एकाही ठिकाणी नव्हता. रुग्णालयाचा खर्च मंजूर झाला. अकरा महिन्यांच्या उपचारांचा अपघाताशी संबंध सिद्ध झाला नाही. चिकित्सा उत्तम होती, कागद मुका होता.

हे टाळण्यासाठी पहिल्या भेटीत पुढील बाबी लिहाव्यात.

१) अपघाताचा वृत्तांत : दिनांक, वेळ, स्थळ, धडक कोणत्या बाजूने बसली, रुग्ण कोणत्या अंगावर पडला, लगेच उठू शकला काय. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ हे शब्द अवश्य लिहावेत. चूक कोणाची यावर वैद्याने मत देऊ नये.

२) पूर्ववृत्त : अपघातापूर्वीचे आरोग्य, पूर्वीचा कटिशूल, त्यावरील उपचार.

३) व्यवसाय : ‘मजुरी’ एवढे पुरेसे नाही. किती वजन उचलतो, किती तास उभा राहतो वा बसतो, वाहन चालवितो काय, हे लिहावे.

४) परीक्षण : कोणत्या मणक्यावर स्पर्शासह्यता आहे, पेशींचा स्तंभ आहे काय, सरळ पाय उचलण्याच्या चाचणीत कोणत्या अंशाला वेदना येते, पायांचे बल शून्य ते पाच या श्रेणीत किती, प्रतिक्षेप व स्पर्शज्ञान कसे आहे. कंबर वाकविण्याची मर्यादा शोबर चाचणीच्या सुधारित पद्धतीने टेपने मोजता येते. दोन्ही बाजूंच्या त्रिकखळग्यांना जोडणाऱ्या रेषेच्या वर दहा व खाली पाच सेंटिमीटरवर खुणा करून रुग्णास पुढे वाकवावे. पंधरा सेंटिमीटरचे अंतर किमान पाच सेंटिमीटरने वाढावयास हवे. हा आकडा दर महिन्यास लिहिल्यास रुग्णाची प्रगती वा अगती कोणालाही वाचता येते.

५) निदान : दोन्ही परिभाषांत लिहावे. ‘अभिघातज कटिशूल, वातप्रकोप’ या निदानासोबत ‘कमरेच्या पहिल्या मणक्याचा दाबजन्य अस्थिभग्न, रुग्णालयाच्या अहवालानुसार’ हेही असावे. न्यायाधीशांना व वकिलांना पहिले वाक्य एकट्याने समजणार नाही.

६) सही, नोंदणी क्रमांक, दिनांक व वेळ.

पुढील प्रत्येक भेटीत एक ओळ तरी कार्यक्षमतेविषयी असावी. सलग किती मिनिटे बसता येते, किती अंतर चालता येते, किती वजन उचलता येते, रात्री झोप किती वेळा मोडते. ऑस्वेस्ट्री प्रश्नावली ही दहा प्रश्नांची कसोटी याच हेतूने जगभर वापरली जाते. ती तीन महिन्यांतून एकदा भरून घेण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

येथे चिकित्साविषयक एक इशारा आवश्यक आहे. अपघातानंतर रुग्ण प्रथमच आपल्याकडे आला असेल तर अस्थिभग्न नाही याची खात्री होईपर्यंत मर्दन, स्वेदन, कटिबस्ती यांपैकी काहीही करू नये. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात श्रोणी व पृष्ठवंश यांच्या भग्नासाठी कपाटशयन, म्हणजे फळीवर निश्चल ठेवणे, सांगितले आहे. मूत्रावरोध, मलमूत्रावरील ताबा जाणे, गुदप्रदेशी बधिरता वा पायांचे बल वेगाने घटणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास त्याच तासाला रुग्णालयात पाठवावे व पाठविल्याची वेळ लिहून ठेवावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार अपघातग्रस्तास कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता त्वरित मदत करणे हे प्रत्येक नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे कर्तव्य आहे. पोलिसांत नोंद झाली आहे काय हे विचारावे. झाली नसल्यास तसे कळवावे.

वेदना, वैकल्य आणि कमाईची हानी

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांचे परिणामानुसार पाच वर्ग केले, त्यांत ४४ वैकल्यकर व ८ रुजाकर मानले. वेदना देणारा आघात व अवयवाची क्रिया हिरावून घेणारा आघात हे दोन वेगळे होत, हा विवेक त्यात आहे. पाठीवरील चौदा मर्मांपैकी कुकुंदर मर्माच्या आघाताने स्पर्शज्ञान लोपते व शरीराच्या खालच्या भागाची हालचाल नष्ट होते, असे शारीरस्थानात वर्णिले आहे.

भरपाईचा कायदाही असाच विभाग करतो. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या प्रकरणात २०१० साली दिलेला निकाल या विषयात मार्गदर्शक मानला जातो. त्यानुसार औषधोपचार, प्रवास व पोषक आहार यांचा खर्च. उपचारकाळात बुडालेली कमाई. कायम अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई. भावी उपचारांचा खर्च. वेदना व मनस्ताप. आणि जीवनातील सुखसोयींना मुकणे, अशी स्वतंत्र शीर्षके आहेत. याच निकालाने स्पष्ट केले की शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी या एकच गोष्टी नव्हेत. डावा हात गमावलेल्या सुताराची वा वाहनचालकाची कमाई जवळजवळ संपूर्ण जाऊ शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते.

या भेदाचे मोल आकड्यांतच दिसते. समजा, एक ३८ वर्षांचा हमाल आहे व त्याचे मासिक उत्पन्न १५ हजार रुपये सिद्ध झाले आहे. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. ‘प्रणय सेठी’ (२०१७) निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारीसाठी भावी वाढ ४० टक्के, म्हणजे २,५२,००० रुपये. हे तत्त्व अपंगत्वाच्या दाव्यांनाही लागू होते, असे ‘पप्पू देव यादव’ (२०२०) निकालात सांगितले आहे. ‘सरला वर्मा’ (२००९) निकालातील कोष्टकात ३६ ते ४० वयासाठी गुणक १५ आहे. आता कमाईच्या क्षमतेची हानी १० टक्के धरल्यास या शीर्षकाखाली ३,७८,००० रुपये होतात. ३० टक्के धरल्यास ११,३४,००० रुपये. फरक ७,५६,००० रुपयांचा. मणका तोच, एमआरआय तोच. हा फरक पडतो तो ‘हा मनुष्य पूर्वी ५० किलोची पोती वाहत होता, आता १० किलोही उचलू शकत नाही’ हे विश्वसनीय पुराव्याने सिद्ध होते की नाही यावर. आणि ते वर्षभर दर भेटीत पाहणारा व लिहू शकणारा मनुष्य बहुधा वैद्यच असतो.

अपंगत्वाची अधिकृत टक्केवारी ठरविणे हे मात्र आपले काम नव्हे. त्याचे मूल्यमापन केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (मार्च २०२४ मध्ये सुधारित) अधिसूचित वैद्यकीय प्राधिकरण करते. रुग्णास तेथे वेळीच पाठवावे, आणि आपल्या नोंदींची प्रत त्यासोबत द्यावी.

औषधालय चालकांसाठी

खर्चाचे शीर्षक पावत्यांवर उभे असते. आयुर्वेदीय औषधालयांत रोखीचा व्यवहार व पावतीविषयीची अनास्था यांमुळे रुग्णाचा खरा खर्चही बुडतो. पुढील दक्षता घ्यावी.

१) प्रत्येक खरेदीची पावती त्याच दिवशी द्यावी. तीवर रुग्णाचे पूर्ण नाव, वैद्याचे नाव, औषधाचे नाव, प्रमाण, बॅच क्रमांक व किंमत असावी. ‘आयु. औषधे – रु. २,४००’ अशी पावती निरुपयोगी होय.

२) लाक्षादि गुग्गुळ, महानारायण तैल, दशमूलारिष्ट यांची नावे पूर्ण लिहावीत. वैद्याने स्वतः तयार करून दिलेल्या औषधांचे घटक, प्रमाण व आकार केसपेपरवर नोंदवून वेगळी पावती द्यावी. पंचकर्माच्या पावतीवर कर्माचे नाव, तारखा व दिवसांची संख्या असावी.

३) वर्षअखेरीस एकत्रित पावती करून देण्याची विनंती नम्रपणे नाकारावी. एकाच शाईत, लागोपाठच्या क्रमांकांनी लिहिलेली वर्षभराची बिले न्यायाधिकरणात संशय निर्माण करतात व खऱ्या पावत्यांनाही बाधक ठरतात. हिशेबाच्या वहीतून जुन्या पावतीची दुय्यम प्रत, तसा शिक्का मारून, देणे मात्र योग्य आहे.

रुग्णास आरोग्यविम्यातून काही खर्च मिळाला असला तरी त्याने तो लपवू नये. अशी रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

प्रमाणपत्र व साक्ष

भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम २०२० नुसार नोंदणीकृत वैद्यास वैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करण्याचा व आपल्या चिकित्सापद्धतीच्या विषयात न्यायालयापुढे तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार आहे. या अधिकाराचा संकोच बाळगू नये आणि अतिरेकही करू नये. आपण काय पाहिले, काय मोजले, काय दिले व त्याचा परिणाम काय झाला, हे आपल्या साक्षीचे क्षेत्र होय. मेंदू-मज्जासंस्थेच्या शल्यकर्माविषयी वा एमआरआयच्या वाचनाविषयी प्रश्न आल्यास ‘हा माझा विषय नाही’ असे सांगणारा साक्षीदार अधिक विश्वसनीय ठरतो.

भावी उपचारांविषयी प्रमाणपत्र देताना कारण द्यावे. ‘आजन्म पंचकर्म आवश्यक’ या विधानास किंमत नाही. ‘गेल्या वर्षी दोन बस्तिक्रमांनंतर ऑस्वेस्ट्री गुण ५२ वरून ३४ वर आले, वर्षातून एक क्रम पुढील तीन वर्षे उपयुक्त ठरेल, सध्याचा आकार अमुक’ या विधानास आहे.

साक्षीला जाण्याविषयी आपल्यात भीती असते. दिवस मोडतो, तारखा पडतात. राजकुमार निकालातच सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणांना सूचित केले आहे की चिकित्सकांचा वेळ ध्यानात घेऊन त्यांना निश्चित वेळ द्यावी वा आयोगामार्फत साक्ष नोंदवावी. रुग्णाच्या वकिलास तशी विनंती करण्यास सांगावे. मूळ केसपेपर आपल्याजवळ ठेवून रुग्णास प्रत द्यावी, आणि दावा निकाली निघेपर्यंत मूळ कागद जपावेत. साक्ष दोन-तीन वर्षांनी होते. त्या वेळी स्मरणास आधार तोच कागद असतो.

शेवटी प्रलोभनाचा प्रश्न. ‘जरा वाढवून लिहा, विमा कंपनीच तर देणार आहे’ अशी गळ घातली जाते. खोटे प्रमाणपत्र देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खालील गुन्हा आहे, ही एक बाजू. दुसरी अधिक महत्त्वाची. एका खोट्या कागदाने त्या परिसरातील प्रत्येक वैद्याच्या खऱ्या कागदावर संशयाची छाया पडते, आणि पुढच्या वेळी खरोखर मोडलेल्या पाठीचा मनुष्य रिकाम्या हाताने परततो.

सारांश

पृष्ठाघाताचा रुग्ण आपल्याकडे वेदनाशमनासाठी येतो. परंतु त्याच्या कुटुंबाची पुढील पंधरा-वीस वर्षे कदाचित त्याच भेटींतील नोंदींवर अवलंबून असतात. अपघाताचा उल्लेख पहिल्या पानावर असावा. व्यथेचा काळक्रम अखंड असावा. मोजमाप आकड्यांत असावे. पावती त्याच दिवसाची असावी. पाहिले त्याहून अधिक लिहू नये, आणि पाहिले त्याहून कमीही लिहू नये. यासाठी नवी साधनसामग्री लागत नाही. प्रत्येक भेटीत पाच मिनिटे अधिक व एक पेन एवढेच लागते.